साहेबांना काहीच ठाऊक नसतं

विंडोजमधले 'सिस्टिम इन्फर्मेशन' हे मोठे साहेब. 'एमएसइन्फो३२' टाइप करा की हजर. प्रोसेसर कुठला, रॅम किती, बायॉसची तारीख काय, सगळी कुंडली तोंडपाठ असल्याचा आव. मग एक दिवस खिडकी उघडते ती कोरी करकरीत आणि निरोप मिळतो: माहिती गोळा करता येत नाही, विंडोज मॅनेजमेंटच्या फायली हलवल्या किंवा हरवल्या असाव्यात. 'असाव्यात'! म्हणजे माहितीच्या खात्याचाही अंदाजच.

खरं तर साहेबांना स्वतःचं असं काहीच ठाऊक नसतं. विंडोज २०००पासून घरातच नेमलेला डब्ल्यूएमआय नावाचा कारकून कागद आणून देतो आणि साहेब ते वाचून दाखवतात. कारकून रजेवर गेला की साहेब मुके.

त्याला कामावर आणायला 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'विंडोज मॅनेजमेंट इन्स्ट्रुमेंटेशन' सुरू करायचं. तरी कुरकुर असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर होऊन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'विनएमजीएमटी /व्हेरिफायरिपॉझिटरी'. कारकुनाचं दप्तर, म्हणजे रिपॉझिटरी, विसंगत निघालं तर '/सॅल्व्हेजरिपॉझिटरी'. गल्लीतले जाणकार थेट दप्तराचं फोल्डरच उडवायला सांगतात. त्यांचं काय जातं म्हणा!

मदतकेंद्राला कळवावं, तर पहिली अट ठरलेली: सिस्टिम इन्फर्मेशनचा रिपोर्ट जोडा. 'सिस्टिमइन्फो' ही कमांड वापरून वळसा घालू म्हणाल, तर तीही त्याच कारकुनाच्या टेबलापाशी येऊन थांबते.

रॅम किती एवढंच हवं असेल, तर मशीन सुरू होताना बायॉसमध्ये शिरा. तिथे हा कारकून नेमलेला नाही.