पोरक्या पणजोबाचं मूळ शोधण्याची सोपी रीत

आधी पणजोबा खरोखर पोरके होते ना, याची खात्री करून घ्यावी. काही घरांत भावकीशी जमिनीवरून वाजलं की मागचे सगळे पूर्वज एकाएकी मरतात.

मग आसनगावला उतरून शहापूरमार्गे डोळखांब गाठावं आणि गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईच्या ओटीवर बसावं. चहाला नाही म्हणू नये. "घाटावरचा पोर तो. आईबाप मानमोडीत गेले," एवढं ती सांगेल. म्हणजे 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ, साल मिळालं, असं समजून हुरळू नका. शेजारची आजी गाठीचा ताप म्हणेल, म्हणजे 1896 नंतरचा प्लेग. दोघींचं ऐकून पणजोबा दोनदा पोरके झाले, असं टिपून घ्यावं. वाद घातल्यास चहा पुन्हा मिळत नाही.

आता तहसील कचेरी. अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक मागावं. गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी त्यात असतात. अक्षर मोडी निघेल, तेव्हा मोडी वाचणारा सोबत न्यावा. कुणबी नोंदींची शोधाशोध 2023 मध्ये सुरू झाल्यापासून त्याचा भाव वधारला आहे, म्हणून आधी त्याचं जेवण विचारावं. बाळाचं नाव लिहायच्या फंदात कोतवाल सहसा पडत नसे. 'अमक्यास मुलगा झाला' की काम संपलं. थोडक्यात, वहीत बापावरून मूल सापडतं आणि तुम्हाला मुलावरून बाप हवा आहे. वही उलटी धरून पाहावी.

शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात मात्र पणजोबा भेटतील, आणि बापाच्या रकान्यात चक्क नाव असेल. नाचू नका. रकाना रिकामा ठेवायची मास्तरांची प्राज्ञा नव्हती; जो पोराला हाताला धरून घेऊन आला, तो बाप झाला. जन्मतारीख 1 जून, कारण शाळा जूनमध्ये भरायची. माझं विचाराल तर जन्मदात्याचा नाद इथेच सोडावा आणि या हात धरणाऱ्याच्या मागे लागावं. गुरं राखायला ठेवलेल्या पोराला कुणी शाळेत कशाला घालील? त्याच्या जमिनीचे फेरफार काढावेत. वारस म्हणून पणजोबांचं नाव लागलं असेल तर त्याने पोराला घर दिलं. नसेल तर भाकरी. दोन्ही कळणं महत्त्वाचं.

जात पडताळणी समितीला हे पटत नाही. अनुसूचित जमातीला 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा आणि इतर मागासवर्गाला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, तोही रक्ताच्या नात्यातला. अनाथांना 2018 पासून एक टक्का आरक्षण आहे, पण ते अनाथाला; अनाथाच्या पणतूला नाही.

फारच उबग आला तर डेहण्याला जाऊन आजोबा पर्वत पाहून यावा. तिथे वाल्मीकींचा आश्रम. लव-कुश त्यांना आजोबा म्हणत, म्हणून डोंगराला ते नाव, असं लोक सांगतात. त्या पोरांनाही बाप ठाऊक नव्हता, पण कुणी दाखला मागितल्याचं ऐकिवात नाही. माथ्यापलीकडे अकोले तालुका. आजीचा 'घाट' बहुधा तोच, म्हणजे दुसरा जिल्हा, दुसरा अभिलेख कक्ष, आणि गावाचं नाव तर आजीने सांगितलंच नव्हतं.

शेवटचा उपाय त्र्यंबकेश्वर. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या असतात. ते आधी आडनाव आणि मूळ गाव विचारतील, म्हणजे तुम्ही जे विचारायला गेलात तेच. गडबडू नये. दक्षिणा ठेवून नवी नोंद करून घ्यावी: पणजोबा, आजोबा, वडील, आपण, मुलं. मूळ गाव विचारताच खणखणीत आवाजात डोळखांब सांगावं. पाऊणशे वर्षांनी तुमचा पणतू येईल तेव्हा त्याला जुना, अस्सल, हस्तलिखित पुरावा मिळेल.