पांडाला भाव नाही

लोंढ्यात ‘डबा’ म्हटलं की आधी रेल्वेचा. जेवणाचा त्याच्या मागून. माझ्या लहानपणी, मीटरगेजच्या दिवसांत, गोव्याकडचे डबे इथं एका गाडीचे सोडून दुसरीला जोडत. आतला प्रवासी वर्तमानपत्र वाचत तसाच बसलेला आणि इंजिन मात्र बदललेलं. आम्ही पोरं पुलावर उभी राहून तासन्‌तास ते शंटिंग बघायचो. लेकीच्या शाळेच्या डब्यापायी हे सगळं पुन्हा आठवावं लागेल, असं काही तेव्हा वाटलं नव्हतं.

झालं असं की बायकोची बदली बेळगावला झाली. ती सकाळच्या गाडीनं जाते. माझं दुकान नऊला उघडतं. दोन्हींच्या मधे जो वेळ उरतो त्यात पोरगीचा डबा येतो, आणि तो माझ्या गळ्यात आला. “तुम्हाला काय, दोन पोळ्या लाटायच्या नि भाजी टाकायची,” असं बायको गाडीच्या दारातून म्हणाली. गाडी सुटल्यामुळं मला उत्तर देता आलं नाही. तिनं ती वेळ बरोबर साधली होती.

त्यात शाळेनं वेळापत्रक पाठवलं. सोमवारी पोळी-भाजी. मंगळवारी मोड आलेलं कडधान्य. बुधवारी ‘मिलेट’. गुरुवारी फळ. शुक्रवारी ‘फन टिफिन’. बेकरीचं काही चालणार नाही, तळलेलं चालणार नाही.

आईनं विचारलं, “मिलेट म्हणजे काय गा?”

“नाचणी.”

“मग नाचणी म्हणायला काय झालं त्यांना?”

आईचा मुद्दा बिनतोड होता. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष ठरवलं. आमच्या खानापूर तालुक्यात नाचणी त्याच्या कितीतरी आधीपासून पिकते, पण ती आंतरराष्ट्रीय आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्यात शंभर ग्रॅममागं साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. हे मी पोरगीला नीट समजावून सांगितलं. तिनं नाचणीच्या घावनाकडं बघितलं आणि म्हणाली, “पप्पा, हे काळं आहे.” संपली चर्चा.

सगळ्यात बोचलं ते वेगळंच. शेजारचा पोरगा सरकारी मराठी शाळेत जातो. त्याला दुपारी बिसियूट, म्हणजे शाळेतलं गरम जेवण मिळतं, कर्नाटकच्या २०१३ सालच्या क्षीरभाग्य योजनेपासून दूध मिळतं, अंडं मिळतं, अंडं नको असेल तर केळं. आता आठवड्यातले काही दिवस दुधात नाचणीचं माल्टही घालून देतात. तो ते रांगेत उभा राहून पेला भरून पितो आणि मिशा तशाच ठेवून घरी येतो. तीच नाचणी मी तुपात भाजून, वेलची घालून, लाडवाला काजू टोचून दिली तर आमच्याकडं मोर्चा निघतो. फरक पदार्थात नसावा. रांगेत असावा. पण घरात एका मुलीची रांग कशी लावणार?

गोव्यातल्या कुळ्याहून कॅसलरॉकला वर येताना रेल्वेचा चढ १:३७ आहे. एका इंजिनाला तो झेपत नाही, म्हणून गाडीला जादा बँकर इंजिनं लावतात. आमच्या पोरगीच्या घशाचा चढ त्याहून उभा. पुढून आई गोष्ट सांगत ओढते, मागून मी धमक्या देत ढकलतो, आणि घास दुधसागरच्या आसपास कुठंतरी थांबून राहतो.

मग मी मोबाइलवर व्हिडिओ बघायला लागलो. तिथनं माझं पतन सुरू झालं. जपानी आया म्हणे भाताचे पांडा, ससे, मांजरं करून मुलांच्या डब्यात देतात. बेंटो म्हणतात त्याला. पांडाचे डोळे आणि कान समुद्रशेवाळाच्या काळ्या कागदाचे. लोंढ्यात समुद्रशेवाळ मागणारं गिऱ्हाईक अजून जन्मायचं आहे. पण काळं, चपटं, कात्रीनं कापता येईल असं आपल्याकडं काय असतं? आमसूल!

शुक्रवारी पहाटे साडेपाचला मी मऊ भाताचे दोन गोळे वळले, आमसुलाचे डोळे कापले, कान कापले, तिळाचं नाक लावलं. आई उठून आली. बराच वेळ बघत उभी राहिली.

“काय करालास गा?”

“पांडा.”

“बरं,” म्हणाली, आणि देवाला दिवा लावायला गेली. त्या दिवशी दिवा नेहमीपेक्षा लवकर लागला, एवढंच माझ्या लक्षात आलं.

आमसूल भातात काय करतं हे मला माहीत असायला हवं होतं. आयुष्यभर सोलकढी प्यालेला माणूस मी. साडेबारापर्यंत त्या डोळ्यांतून लाल ओघळ सुटले आणि पांडा कुणाशी तरी मारामारी करून आल्यासारखा दिसायला लागला. संध्याकाळी तो डब्यात जसाच्या तसा परत आला. पोरगी म्हणाली, “सगळे बघायला आले होते.” खाल्लं का नाहीस? “तो रडत होता ना.”

पुढच्या आठवड्यात बीट. किसलेलं बीट घालून घावन गुलाबी होतं, आणि गुलाबी ते खाल्लं जातं, असा व्हिडिओतल्या बाईंचा सिद्धान्त होता. सिद्धान्त खरा ठरला. पोरगीनं तीन घावनं खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी संडासातून आईची हाक आली ती सगळ्या आळीनं ऐकली. डॉक्टरकडं निघालेल्या रिक्षात बसता बसता मला बिटाची आठवण झाली. रिक्षावाल्याला निम्मे पैसे द्यावे लागले आणि गोष्ट स्टेशनपर्यंत पोचली. परवा हमालानं विचारलं, “पोरगी बरी हाय काय आता?”

खरं तर इथल्या पोरांना आरोग्यदायी खाऊ देणारे आपण कोण? मे महिन्यात करवंदं, जूनच्या तोंडावर जांभळं, त्याआधी काजूची बोंडं मीठ लावून. दात आंबतात, कपडे डागाळतात, कुणी तक्रार करत नाही. मी एकदा धुतलेली, निवडलेली करवंदं वाटीत घालून दिली. तिनं वाटी तशीच ठेवली आणि कुंपणावर चढून तीच करवंदं काट्यांतून ओढून खाल्ली. ओरखडे हेच त्यातलं जीवनसत्त्व असणार.

गावाचं नाव लोंढा, आणि पाऊसही नावाला जागून येतो. जूनमध्ये सुरू झाला की कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही, आणि डब्यातला कुरकुरीत पदार्थ शाळेच्या फाटकापर्यंतसुद्धा टिकत नाही. भडंग दिला, सादळला. भाजलेले पोहे दिले, सादळले. पावसाशी भांडून मी थकलो होतो. अशात एका बुधवारी डोळा लागला तो सात वाजता उघडला. वेळापत्रक मिलेट म्हणत होतं. घरात चिरमुरे होते. मी सुसला केला.

बेळगाव-धारवाडच्या बाहेरच्यांना सांगायला हवं. चिरमुरे पाण्यात भिजवायचे, लगेच पिळून काढायचे. कांदा, हिरवी मिरची, कढीपत्त्याची फोडणी, थोडी हळद, वरून डाळ्याचं पीठ, कोथिंबीर, लिंबू. दहा मिनिटांचं काम. आणि पावसाळ्यात त्याची थोरवी अशी की जो पदार्थ मुळात भिजवूनच केलाय, तो आणखी सादळणार कुठं? मी त्यावर शेंगदाणे जरा जास्त टाकले, अपराधी वाटू नये म्हणून.

त्या संध्याकाळी डबा रिकामा आला. नुसता रिकामा नाही, पुसल्यासारखा. गोव्यात पोर्तुगीज असताना कॅसलरॉकला गाडीतलं सामान तपासत, तशी आमच्या आईची रोज संध्याकाळी दप्तराची झडती असते. तिनं झाकण उघडलं, वास घेतला, माझ्याकडं बघितलं. मी काही बोललो नाही. बेळगावच्या गाडीतून उतरणाऱ्या बायकोला मात्र फलाटावरच बातमी दिली.

आठवडाभर मी सुसला दिला. वेळापत्रकाला सुसला, शाळेला सुसला. डबा रोज रिकामा. शेवटी मी लाडात येऊन विचारलं, “एवढा आवडतो काय गं तुला?”

“मला? नाही.”

मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. मधल्या सुट्टीत वर्गात बाजार भरतो. रेल्वे कॉलनीतल्या पोरांमुळं त्यात कन्नड, तेलुगू, कोकणी, मराठी असा सगळा माल असतो. दोन शंकरपाळ्यांना अर्धी इडली. एका चकलीला अख्खी इडली, वर चटणी. पोळीच्या गुंडाळीला काही मिळत नाही, कारण ती सगळ्यांकडेच असते. आमच्या पोरगीला रोज चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात हवा असतो, आणि चित्रान्न आणणारी मुलगी सुसल्यालाच ते देते.

“आणि पांडा?”

“पांडाला कुणी काहीच देत नव्हतं, पप्पा.” तिच्या आवाजात व्यापाऱ्याची खंत होती.

म्हणजे मी पहाटे उठून रांधत होतो ते कुणा भलतीच्याच लेकीसाठी, आणि माझी लेक जेवत होती कुणा भलतीच्या हातचं. डबे सगळे योग्य वेळी सुटत होते. मधल्या सुट्टीत कुठल्या गाडीला जोडले जातात, एवढंच घरच्यांना ठाऊक नव्हतं.

परवा दुकानात एक बाई छत्री झटकत आल्या. एक वही घेतली, पेन घेतलं. पैसे देताना दप्तरावरचं नाव वाचावं तसं माझ्या तोंडाकडं बघितलं.

“सुसल्याचे पप्पा काय तुम्ही?”

“होय. आणि तुम्ही चित्रान्नाच्या?”

“होय की.”

दोघंही जरा गप्प राहिलो. पाऊस पडत होता. मी म्हटलं, “लिंबू थोडं जास्त पिळा हो. आमचीला आंबट लागतं. आणि मिरची कमी.”

त्यांनी वही पिशवीत घातली. “पिळतो की. तुम्ही शेंगा भाजून घाला जरा. आमची म्हणाल्या कच्च्या लागालेत.”

मी बिलाच्या मागं लिहून घेतलं.