पुढच्या आठवड्याचे पाहुणे

सांगली आकाशवाणी १९६३ पासून बोलते आहे आणि कवठे महांकाळ तेव्हापासून ऐकतंय. शेतीच्या कार्यक्रमाचे पुढच्या आठवड्याचे पाहुणे नुसते जाहीर झाले, तरी आमची निम्मी द्राक्षबाग निरोगी होते. डावणीवर एक तज्ज्ञ बोलणार, भुरीवर दुसरे. तिसरे साहेब कवठेकरांना पाणीबचत शिकवणार. धाडस मानलं पाहिजे.

आमचीही काही नावं घ्या. सौद्यात बेदाणा मुठीत घेऊन पारखणारे आणि मग खाली उधळणारे व्यापारी एकदा बोलवा. उधळलेला माल कुणाच्या वजनात धरतात, एवढंच विचारा. द्राक्षं भरून नेलेला दलाल मिळाला तर सोन्याहून पिवळं! पण त्याचा फोन आम्हालाच लागत नाही, निवेदिकाबाईंना कुठून लागणार?

आणि म्हैसाळ उपसा योजनेचं आवर्तन. कृष्णेतून पंपांच्या जोरावर टप्प्याटप्प्यानं चढत येणाऱ्या त्या पाण्याची मुलाखत व्हायलाच हवी. फक्त थेट प्रक्षेपण नको. वीजबिलाचा घोळ मिटेपर्यंत पाहुणे खाली नदीतच मुक्काम करतात. ध्वनिमुद्रण करून ठेवा, निवडणूक लागली की लावा.