पोर्टवैद्य

पेनड्राइव्ह उघडेना, माउसखालचा दिवा लागेना, प्रिंटर हूं की चूं करेना, की डोंबिवलीकडच्या कुठल्याही सोसायटीत एकच तोडगा निघतो : "सी विंगमधल्या काकांना बोलवा." दुरुस्तीवाला पोरगा "उद्या येतो" म्हणतो आणि त्याचा उद्या उजाडत नाही. काका मात्र आपण फोन ठेवायच्या आत दारात हजर. टेलिफोन खात्यातून निवृत्त, हातात टॉर्च, खिशात स्क्रूड्रायव्हर आणि काखेत एक जुनाट, पिवळट पडलेला कीबोर्ड.

आल्या आल्या यंत्राला हात लावणं त्यांच्या शास्त्रात बसत नाही. वैद्य नाडी धरण्याआधी काल काय खाल्लं ते विचारतो, तसं काकांचं पहिलं वाक्य, "शेवटचं काय खोचलं होतंत?" मग घरात एकमेकांकडे बघणं सुरू होतं. मुलीने मोबाइल चार्जिंगला लावलेला असतो. मुलाने झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह तसाच लावलेला असतो. "तरीच!" काका म्हणतात. काहीही कबूल केलं तरी तरीच. काहीच खोचलं नव्हतं म्हणालात तरीही तरीच.

"यूएसबी दोनच्या पोर्टाला पाचशे मिलिअँपिअर. तीनच्या, म्हणजे निळ्या पोर्टाला नऊशे. आणि तुम्ही त्यावर पंखा चालवणार, दिवा लावणार, वर हार्डडिस्क. ओढ जास्त झाली की बोर्ड स्वतःच पोर्ट बंद करतो. शहाणा असतो तो." यातला शहाणा कोण नाही, ते सगळ्यांना कळलेलं असतं.

चहा येईपर्यंत इतिहास. 1998 साली शिकागोच्या प्रदर्शनात बिल गेट्स मंचावर असताना सहकाऱ्याने विंडोज 98 ला स्कॅनर जोडला आणि सगळ्यांदेखत पडदा निळा झाला, ही गोष्ट काका स्वतः पहिल्या रांगेत बसून आल्यासारखी सांगतात. यूएसबी घडवणाऱ्यांतले अजय भट्ट शिकले बडोद्याला, सयाजीरावांच्या विद्यापीठात, म्हणजे आपलेच. आपल्या माणसाने केलेली गोष्ट पहिल्या खेपेला सरळ कशी बसत नाही, हा प्रश्न मी एकदा विचारला होता. काकांनी तो ऐकला नाही.

उपचाराची सुरुवात लंघनाने. संगणक बंद करायचा, एवढ्याने भागत नाही. भिंतीतला प्लगच काढायचा. बंद संगणकाच्या बोर्डालाही पाच व्होल्ट मिळतच असतात, आणि त्याच्यावर पोर्टाची अडकलेली चिप तशीच अडकून राहते. प्लग काढून चालू करायचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं की उरलासुरला करंट निघून जातो. यात काही भोंदूपणा नाही. बरेचदा दुखणं इथेच बरं होतं, आणि तसं झालं की काकांचा चेहरा पडतो. एवढ्यासाठी बोलावलंत?

पुढचा पोर्ट मेलाय की मागचा, यावर त्यांचा खरा जीव. मागचे बोर्डालाच डाग दिलेले असतात. पुढच्यांना आतून एक वायर आलेली असते आणि ती ढिली झाली की पुढचे सगळे एकदम जातात. पण मागे बघायचं तर सीपीयू टेबलाच्या खणात भिंतीला चिकटलेला. मग टेबल हलवायला घरातले सगळे, शिवाय वॉचमन. काका जमिनीवर आडवे, टॉर्च तोंडात. मागून गेल्या दिवाळीचा चकलीचा तुकडा, एक कानातलं आणि हरवल्याची तक्रार मोलकरणीवर गेलेला रिमोट निघतो. रिमोटबद्दल त्या घरात नंतर कुणी बोलत नाही.

दोन्हीकडचे गेले असतील तर डिव्हाइस मॅनेजर. तिथे वीज वाचवण्यासाठी पोर्ट झोपवायची परवानगी दिलेली असते. ती खूण काका तुच्छतेने काढतात. "एवढ्याने बिल किती कमी होणार हो?" तरीही जमलं नाही तर शेवटचं औषध : यूएसबीच्या कंट्रोलरांची नावं एकेक करून उडवायची. शेवटचं नाव उडतं आणि माउस जागच्या जागी थिजतो, कारण तोही यूएसबीवरच. कीबोर्डही गेला. "आता रीस्टार्ट करू का" असा प्रश्न पडद्यावर, आणि हो म्हणायला घरात काही उरलेलं नाही. घरमालक पांढराफटक. इथे काका थोडं थांबतात, उगाचच. मग पिवळट कीबोर्ड पुढे ओढतात. त्याची जांभळी गोल पिन त्यांनी यंत्र सुरू करण्याआधीच मागे लावून ठेवलेली असते, कारण चालू यंत्राला ती लावायची नसते. एंटर दाबतात. यंत्र परत उठतं, कंट्रोलर आपले आपण शोधून काढतं, माउसखाली दिवा लागतो.

पैसे घेत नाहीत. पोहे घेतात. पेनड्राइव्हच मेलेला निघाला तर मात्र "बघतो जरा" म्हणून खिशात घालून नेतात. तो परत आल्याचं कुणी पाहिलेलं नाही. काकूंच्या कपाटाचा एक खण त्यांनी भरलाय.

"आमचा प्रिंटर गणपतीपासून बंद आहे," काकू एकदा जिन्यात म्हणाल्या. "ह्यांना सांगायचं तर तुमच्या घरून फोन करावा लागेल."