रिकामी असली की धरते

निर्मळला जायचं तर वसई रोडपर्यंत लोकल आहे, पुढे रिक्षा आहे. आमच्याकडे मामाची जीप आहे. तिथल्या जत्रेहून लोक सुकेळी आणतात, तुम्ही पाटा-वरवंटा का आणलात, असं आम्हाला अजून विचारलं जातं. सगळ्यांना एकदाच उत्तर देऊन टाकतो.

महिंद्राने चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला घेतल्या. मामाची सीजे थ्री बी त्याच घराण्यातली, पण बरीच धाकटी. या घराण्याचा हँडब्रेक चाकांत नसतो. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस असते, तिच्या मागच्या तोंडाला एक ड्रम असतो. दांडा ओढला की प्रॉपेलर शाफ्टच धरला जातो आणि शाफ्ट अडला की मागची चाकं अडतात. युक्ती झकास आहे. खोट एवढीच, की ऑइल सील गळायला लागलं की तेल नेमकं त्या ड्रममध्ये उतरतं. मामाचा हँडब्रेक कित्येक वर्षं कैरीच्या लोणच्यासारखा तेलात मुरत होता.

अशात मागचा अ‍ॅक्सल रडायला लागला. मामाने भंगारातून एका मोठ्या गाडीचा अ‍ॅक्सल पैदा केला. त्याच्या दोन्ही चाकांच्या ड्रममध्ये हँडब्रेकची सोय होती. “चाकातच ब्रेक आहे म्हटल्यावर हा तेलकट डबा हवाय कशाला?” म्हणत मामाने जुना ड्रम काढून टाकला. मी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढलं, गाडीच्या मूळ रचनेत असे परस्पर फेरफार चालत नाहीत म्हणालो. मामा म्हणाला, “अ‍ॅक्सल खाली असतो. खाली वाकून कोण बघतं?”

अ‍ॅक्सल बसला. यू-बोल्ट मिळाले, शाफ्टची लांबी जमवली, ब्रेकचा पाइप जोडला. उरली केबल. ती नेहमी उरतेच. वऱ्हाड निघताना आजोबा उरतात तशी. जुना दांडा एका ड्रमला ओढायचा, आता चाकं दोन. आमच्याकडच्या एका गॅरेजवाल्याने पोलादी तारेची दोरी घेतली, दांड्यापासून थेट मागे नेली, दोन फाटे फोडले आणि क्लॅम्प आवळले. वर कव्हर नाही, काही नाही. कपडे वाळत घालायच्या तारेसारखी उघडी. सोसायटीच्या उतारावर रिकामी जीप उभी करून बघितली. हलली नाही. मामाने बॉनेटवर थाप मारली.

जत्रेसाठी कार्तिक वद्य एकादशीला आम्ही पहाटेच निघालो. पुढे मामा आणि गुडघेदुखीमुळे मावशी. मागे मामी, मावशीच्या दोन मुली आणि मी. घोडबंदर रोडला गायमुखाच्या चढावर ट्रक थांबले की आम्हीही थांबत होतो. मामाचा पाय ब्रेकवरच होता, त्यामुळे हँडब्रेकची परीक्षा आपोआप टळली. वर्सोव्याच्या पुलावरून वसईची खाडी ओलांडली, हायवेवरून वसई फाट्याला वळलो, रेल्वेच्या पलीकडे गेलो. गिरीजच्या पुढे हवा बदलते. दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या, मधूनच एखादं बावखल, पाण्यावर नारळाची सावली. परशुरामाने विमलासुराला मारलं ते याच भागात, असं मामी सांगत होती. मुली मोबाइल बघत होत्या.

निर्मळला शंकराचार्यांच्या समाधीचं देऊळ उंचावर आहे. सगळ्या सपाट वसईत मामाला नेमका तिथला चढ सापडला. दुकानं अजून मांडली जात होती, वाट मोकळी होती. “कुणी उतरू नका,” मामा म्हणाला, “आधी गंमत दाखवतो.” जीप न्यूट्रलमध्ये टाकली, दांडा ओढला, खाली उतरला आणि समोर हाताची घडी घालून उभा राहिला.

जीप मागे निघाली. पळाली नाही, पाहुणे निघतात तशी, निघते-निघते करत निघाली. मी उडी मारली. मुलींनी मारली. मामा “अगं, थांब!” असं ओरडत धावत होता, जीपला की मामीला, हे कळायला मार्ग नव्हता. मावशी गुडघे विसरून उतरली. बाजूला एक बाई पाटे-वरवंटे मांडत होत्या. मी एक वरवंटा उचलला. मामी पदर खोचून खाली उतरली, मी वरवंटा चाकामागे सारला आणि जीप थांबली.

“मामी उतरली म्हणून थांबली,” धाकटी म्हणाली.

“वरवंट्याने थांबली,” मामी म्हणाली. तिचा आवाज असा होता, की विषय तिथेच संपला. वरवंटा सुटा मिळणार नाही, पाट्यासकट घ्यावा लागेल, असं पाटेवाल्या बाईंनी सांगितलं. घेतला.

दर्शन झाल्यावर भाजीचे टेम्पो दुरुस्त करणारा एक मेकॅनिक शोधला. तो जीपखाली गेला आणि थोड्या वेळाने खालूनच म्हणाला, “रिकामी असताना धरते ना?”

मामा गप्प.

मेकॅनिक बाहेर आला. दांडा बॉडीला, ब्रेक अ‍ॅक्सलला. मधली तार उघडी. गाडी रिकामी असते तेव्हा स्प्रिंगचे पाटे वर उचललेले, अ‍ॅक्सल खाली, तार ताणलेली, ब्रेक लागतो. माणसं बसली की पाटे दबतात, अंतर कमी होतं, तार सैल पडते आणि ब्रेक सुटतो. “माणसं उतरत गेली तशी ती पुन्हा धरली. शेवटी कोण उतरलं?”

आम्ही सगळ्यांनी शेजारच्या वाडीतली केळी बघितली. मामीने आमच्याकडे बघितलं.

मग त्याने भिंतीला टेकवलेली सायकल ओढली आणि हँडल दोन्हीकडे फिरवलं. केबल वाकली, ब्रेक जागचा हलला नाही. आतली तार बाहेरच्या कव्हरच्या आधाराने ओढते. कव्हरची दोन्ही टोकं पक्की असली की मधलं अंतर कितीही बदलो. बाउडन नावाच्या गृहस्थाने १८९६ साली याचं पेटंट घेतलं होतं. निघण्याआधी आमच्यापैकी कुणी सायकलीकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारभर काम चाललं. जीप जॅकवर घेऊन अ‍ॅक्सल पूर्ण लोंबकळू दिला, कारण केबलला सगळ्यात जास्त लांबी तेव्हा लागते. सुतळीने माप घेतलं. कव्हरच्या दोन केबल टेम्पोच्या सामानातून निघाल्या. कव्हरची टोकं एकीकडे चासीला, दुसरीकडे ड्रमच्या प्लेटला पक्की केली, सायलेन्सर आणि शाफ्टपासून लांब क्लॅम्प मारले. दोन्ही चाकांना सारखी ओढ जावी म्हणून मधे बॅलन्सर घातला. तरी दांडा फार वर येत होता. नव्या ड्रमना जास्त ओढ हवी होती. मेकॅनिकने दांड्याच्या खालच्या पट्टीला खिळीपासून जरा लांब नवं भोक पाडलं. दांडा जड झाला, पण पाचव्या ‘टक्’ला ब्रेक लागला.

“आता सगळे बसा,” तो म्हणाला. आम्ही बसलो. मामी नाही बसली.

“वजन लागेल, वहिनी.”

मामी बसली. पाटा तिने मांडीवर घेतला, म्हणजे जे काही वजन भरेल ते पाट्याचं. जीप उतारावर तिळभर हलली नाही.

परतताना गायमुखाला पुन्हा ट्रक तुंबले. मामाने दांडा ओढला, पाय काढला आणि आरशातून मागे बघितलं. जीप उभीच होती. “बघितलंस?” तो म्हणाला.

“बघितलं,” मामी म्हणाली आणि वरवंटा माझ्या हातात दिला. “तू खाली उतरून चाकापाशी उभा राहा.”