अर्जबहाद्दर

तालुक्याच्या गावाला मामलेदार कचेरी, ट्रेझरी, पोस्ट आणि इंग्रजी शाळा या चार संस्था प्राप्त झाल्या की पाचवी संस्था आपोआप उत्पन्न होते, व ती म्हणजे इंग्रजीत अर्ज लिहून देणारा पेन्शनर. तिला सरकारी अनुदान नसते, तिची वार्षिक तपासणी होत नाही. परंतु गावातील नळाचे पाणी, गहाळ झालेली मनिऑर्डर, सातबाऱ्यावर नाव न लागलेला वारस आणि शेजाऱ्याने पुढे काढलेली वळचण या सर्वांचे भवितव्य तिच्याच ओसरीवर ठरत असते. या गृहस्थांना मी अर्जबहाद्दर म्हणतो. अव्वल कारकुनाच्या खुर्चीवरून सन्मानाने उतरलेले, घरातही जाकीट घालून बसणारे, आणि इंग्रजी भाषेत सहस्रावधी क्रियापदे उपलब्ध असताना केवळ 'बेग' या एकाच क्रियापदाशी एकपत्नीव्रताने राहिलेले.

विलायतेत या क्रियापदाचा मूळ व्यवसाय भीक मागण्याचा. पुढे त्याला बरे दिवस आले आणि ते पेढ्यांच्या पत्रव्यवहारात शिरले; हुंडीची पोच द्यायची ती 'बेग' करून, मालाचे दर वाढवायचे तेही 'बेग' करून, आणि समोरच्याला मूर्ख ठरवायचे असल्यास 'बेग टू डिफर' म्हणून. बोलणाऱ्या इंग्रजाच्या मनात त्या वेळी याचनेचा लवलेशही नसे. आपल्याकडे मात्र हा शब्द आला तेव्हा त्याच्यासाठी भूमी अगोदरच नांगरून ठेवलेली होती. 'स्वामींचे सेवेसी, विनंती सेवक अमुक, कृतानेक साष्टांग नमस्कार विज्ञापना' असा प्रारंभ करून पुढे थकलेल्या फौजेच्या पगाराचा बेधडक तगादा लावणारे पेशवाईतले सरदार ज्या मुलुखात होऊन गेले, तेथे 'आय बेग टू स्टेट' हे वाक्य परके वाटण्याचे कारणच नव्हते. लेखणीने लोटांगण घालावे आणि कण्याने ताठ उभे राहावे, ही विद्या आमच्या अर्जबहाद्दरांना रक्तातूनच मिळालेली आहे.

त्यांचा लेखनविधी प्रेक्षणीय असतो. फुलस्केप कागद उभा दुमडून डावीकडे चतुर्थांश समास सोडायचा, टाकाचे निब अंगठ्याच्या नखावर पारखायचे, निळ्या-काळ्या शाईत बुडवून ते दौतीच्या काठाला निथळायचे, आणि 'सर' एवढा एकच शब्द लिहून, त्यापुढे स्वल्पविराम देऊन, टाक कानाशी धरून पक्षकाराकडे पाहत विचारायचे, "तक्रार आहे, विनंती आहे, की धमकी?" हा प्रश्न निरर्थक नाही. क्रियापद तिन्हींना एकच असले तरी त्याच्या पुढे लावायची क्रियाविशेषणे निराळी असतात. विनंतीला 'हंबली' पुरते. तक्रारीला 'रिस्पेक्टफुली' हवे. आणि प्रकरण वर कलेक्टरांपर्यंत नेण्याची धमकी द्यायची असेल तर 'मोस्ट रिस्पेक्टफुली अँड हंबली' याखेरीज भागत नाही. अर्जातील नम्रता जितकी दाट, तितके साहेबाने सावध व्हावे, असा संकेतच आहे.

एकदा मी ओसरीवर बसलो असता पाण्याने गांजलेला एक शेतकरी आला. नळ कोरडा पडला होता, ओव्हरसियर फिरकत नव्हता, आणि त्या ओव्हरसियरच्या मातुःश्रींपासून प्रारंभ करून त्याने जे काही कथन केले ते लिहून घेण्याची कोणत्याही लिपीची छाती झाली नसती. अर्जबहाद्दरांनी डोळे मिटून सर्व ऐकले आणि चार ओळी लिहिल्या. त्यांचा भावार्थ असा, की अर्जदार असे निवेदन करण्याची भीक मागतो की संबंधित अधिकारी अखंड विश्रांतीचा लाभ घेत असून त्यांच्या प्रकृतीविषयी गावाला चिंता वाटते. शेवटी नेहमीचे कलम होतेच: या कृपेबद्दल अर्जदार, कर्तव्यबद्ध होऊन, सदैव प्रार्थना करीत राहील.

"ह्ये शेवटलं काय म्हनायचं, रावसाहेब?"

"साहेबासाठी जन्मभर देवाची करुणा भाकीन, असं तू लिहून दिलं आहेस."

"आन् पानी न्हाई आलं तर?"

"तरी भाकायची. ते कलम सुटं निघत नाही."

शेतकऱ्याने अंगठा उठवला खरा, पण बराच वेळ त्या अंगठ्याकडे तो संशयाने पाहत राहिला.

हे सर्व खालून वर जाणाऱ्या कागदाचे झाले. वरून खाली येणाऱ्या कागदाचे क्रियापद वेगळे: 'आय ॲम डायरेक्टेड'. अर्जदार भीक मागतो आणि अधिकाऱ्याला कोणी तरी तसे सांगावयास फर्मावलेले असते. सबब संपूर्ण पत्रव्यवहारात स्वतःच्या मनाने बोलणारा मनुष्य एकही नसतो. गावचे पोस्टमास्तर आणि अर्जबहाद्दर रोज सायंकाळी एकाच सतरंजीवर पत्ते कुटतात, परंतु हरवलेल्या मनिऑर्डरीविषयी त्या सतरंजीवर अवाक्षर निघत नाही. त्यासाठी दुसऱ्या दिवशी सकाळी एक 'बेग' करणार, दुसरे यथावकाश उत्तर देणार, आणि सायंकाळी पुन्हा पत्ते पिसले जाणार. या संयमाचे मला मनापासून कौतुक वाटते.

घरात मात्र या गृहस्थांचा विनयाशी काडीइतका संबंध नाही. "चहा टाका", "पोथी कुठं ठेवलीत", "दार लावा" अशी आज्ञार्थी मराठी त्यांच्या मुखातून अविरत स्रवत असते. भाजीवाल्याशी त्यांचे संभाषण ऐकावे तर ते फौजदारी खात्यात होते की काय असे वाटावे. इंग्रजीतून भीक आणि मराठीतून हुकूम अशी त्यांनी दोन भाषांची सरळ वाटणी केलेली आहे. सौभाग्यवतींनी एकदा, हा शब्द दिवसभर कानांवर पडून पडून, "आम्हांलाही कधी बेग करा की" असे सुचवल्याचे ऐकिवात आहे. त्यावर त्यांनी कोणता शेरा मारला ते कळले नाही.

खुद्द विलायतेत १९४८ साली सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी तेथील ट्रेझरीच्या सांगण्यावरून 'प्लेन वर्ड्स' हे पुस्तक लिहून सरकारी नोकरांना सरळ, साधे लिहिण्याचा उपदेश केला, ही वार्ता मी त्यांना दिली तेव्हा ते खिन्नपणे म्हणाले, "म्हणूनच साम्राज्य गेलं." पुढे १९६४ चा राजभाषा अधिनियम होऊन राज्याच्या कारभारात मराठी आली. पण 'सविनय सादर' हे दोन शब्द हाती लागताच त्यांना धीर आला, आणि इंग्रजी अर्जाखाली मराठी प्रत जोडण्याचा प्रघात त्यांनी सुरू केला. अर्जाची लांबी तेवढी दुप्पट झाली.

मध्यंतरी एका नोव्हेंबरात त्यांचे पेन्शन अडकले. हयातीचा दाखला ट्रेझरीत कोठे तरी गहाळ झाला होता. अर्जबहाद्दर जाकीट चढवून स्वतः खिडकीशी उभे राहिले. आतल्या तरुण कारकुनाने त्यांना आपादमस्तक न्याहाळले, ते जिवंत असल्याबद्दल तोंडी सहमतीही दर्शवली, आणि लेखी द्या म्हणून सांगितले. ही मागणी त्यांना सर्वथैव रास्त वाटली. घरी येऊन त्यांनी समास दुमडला, निब पारखले आणि आपल्या हयातीतील सर्वांत सुबक अर्ज लिहिला: अत्यंत आदरपूर्वक व नम्रपणे, आपण अद्याप जिवंत आहोत असे निवेदन करण्याची त्यांनी भीक मागितली होती. बारनिशीतून पोच घेतली. यथाकाल उत्तर आले की, आपल्या अर्जातील मुद्दा विचाराधीन असून निर्णय मागाहून कळविण्यात येईल.

मी संतापलो, पण ते शांत होते. मसुदा निर्दोष असल्याचे त्यांनी मान्य केले. कागदावर जावक क्रमांक घातलेला नव्हता, एवढीच काय ती त्यांची तक्रार होती, आणि ती त्यांनी त्याच दुपारी, 'मोस्ट रिस्पेक्टफुली अँड हंबली', रवाना केली.