तापमानतज्ज्ञ

गाडी गरम झाली की आपण बॉनेट उघडतो आणि बॉनेट उघडलं की तापमानतज्ज्ञ हजर होतात. कुठून येतात ते कोणी पाहिलेलं नाही. मे महिन्यातली दुपार, सिंहगड रोडच्या फुटपाथवर काळं कुत्रं नाही. पण तुमच्या गाडीच्या काट्याने लाल रेघ गाठली आणि तुम्ही गाडी कडेला घेतलीत, की पांढरी टोपी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि हातात भाजीची पिशवी असे एक काका तुमच्याआधी बॉनेटमध्ये वाकलेले असतात.

"गरम झाली वाटतं?" हा पहिला प्रश्न. समोर भसाभसा वाफ येत असते. तरी विचारायचा.

मग तपासणी. काका पिशवी डाव्या हातात घेतात आणि उजवा तळहात रेडिएटरवर चार बोटं अंतर ठेवून धरतात, आजारी नातवाच्या कपाळाला लावतात तसा. डोळे मिटतात. हा क्षण गंभीर असतो. ट्रॅफिकसुद्धा जरा हळू होतो (तो तसाही हळूच असतो). आणि निदान येतं : "हेड गॅस्केट."

त्याच्या खालचा आजार काका सांगतच नाहीत. पाइप सैल असेल, कूलंट कमी असेल, असल्या किरकोळ गोष्टींसाठी त्यांनी उन्हात उभं राहायचं का? गॅस्केट गेलं असेल तर ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय धरते, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो, कूलंट गळती न दिसता कमी होत राहतं. यातलं इथे एकही नाही, हे तुम्ही सांगून बघा. "सुरुवातीला नाही दिसत," काका म्हणतात. "इंजिन खोलल्यावर कळेल. वीस-पंचवीस हजार बाजूला काढून ठेवा."

दुसरा उपाय थर्मोस्टॅटचा. "तो वॉल काढून फेकून द्या. आपल्याकडे बर्फ पडतो का?" थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांना उघडतो आणि इंजिन धड थंडही राहू देत नाही, धड उकळूही देत नाही. तो काढला तर गाडी रोज उशिरा तापते आणि पेट्रोल जास्त पिते. पण हा सल्ला आपल्याकडे इतक्या पिढ्या चालत आलाय की त्याला विरोध करणं म्हणजे घरच्या लोणच्याला नावं ठेवण्यासारखं.

मात्र काकांना अगदीच कच्चं समजू नका. तुम्ही रेडिएटरच्या झाकणाकडे हात नेलात की ते किंचाळतात, "अहो, हात भाजेल!" आणि ते शंभर टक्के खरं असतं. त्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाबाचा. त्या दाबामुळे आतलं पाणी शंभरला न उकळता ११८-१२० च्या घरात जाऊन उकळतं. गरम गाडीचं झाकण काढलंत की दाब जातो आणि ते सगळं पाणी एकदम तुमच्या अंगावर येतं. "एसी बंद, हीटर चालू" हासुद्धा काकांचाच हुकूम, आणि तोही बरोबर. हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच; इंजिनची उष्णता ओढून तुमच्या तोंडावर फेकतो. ४० अंशांच्या पुण्यात, काचा खाली करून, हीटर लावून बसलेलं कुटुंब तुम्हाला दिसलं तर समजा, आसपास काका आहेत.

काकांचं घोडं अडतं ते फॅनपाशी. त्यांची सगळी विद्या जुन्या पद्मिनी गाडीवरची. डिकीत पाण्याचा कॅन आणि बोरघाटात निम्म्यावर मुक्काम, हा अभ्यासक्रम. २०२३ साली मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या त्या दिवशी काका जेवले नव्हते म्हणतात. त्या गाडीचा फॅन इंजिनला पट्ट्याने बांधलेला. इंजिन फिरतंय म्हणजे फॅन फिरतोयच. आता तो स्वतंत्र मोटरवर चालतो, त्याला फ्यूज आहे, रिले आहे, तो रुसू शकतो, हे काकांच्या विश्वात बसतच नाही.

परवा धायरी फाट्यापाशी शेजाऱ्यांची गाडी अशीच बसली. मी मागच्या सीटवर. हेड गॅस्केटचा निकाल लागून अर्धा तास झाला होता, इंजिन निवलं होतं, तेवढ्यात गॅरेजवाल्याचा पोरगा टू-व्हीलरवरून आला. त्याने कूलंट भरलं आणि एकच विचारलं, "हायवेला गरम होते?"

"नाही. फक्त ट्रॅफिकमध्ये."

"स्टार्टर मारा. एसी लावा."

आम्ही सगळे कान देऊन उभे. एसी लागला की फॅन सुटायला हवा, तो ढिम्म. हायवेला ऐंशीच्या वेगात वारा आपणच रेडिएटरमधून घुसतो, तिथे फॅनवाचून अडत नाही. सिग्नलला मात्र सगळी भिस्त त्याच्यावर. पोराने फ्यूज पाहिला, तो ठीक. मग फॅनचा रिले उपटला, शेजारचा हॉर्नचा रिले काढून तिथे बसवला, आणि फॅन घर्रकन सुटला.

"दोन्ही सेमच असतात," पोरगा म्हणाला. "गॅरेजला या, नवीन टाकतो. तोपर्यंत हॉर्न नाही."

शेजाऱ्यांचा चेहरा इंजिन उकळतानाही इतका उतरला नव्हता. पुण्यात, सिंहगड रोडवर, हॉर्नशिवाय?

आम्ही गाडीत बसलो. काकांनी भाजीची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, टोपी सारखी केली आणि गाडीच्या पुढे चालू लागले. "ए, सरक! रिक्षा, डावीकडे घे! बाई, स्कूटी हलवा!" आवाज असा खणखणीत की कंपनीचा हॉर्न लाजेल. गॅरेजपर्यंत आम्ही त्यांच्याच वेगाने गेलो, काटा निम्म्यावर. वाटेत एक स्कूटरवाला थांबून विचारता झाला, "काय झालंय हो गाडीला?"

"हेड गॅस्केट," काका म्हणाले.